विकलेल्या फ्रिजचं तापमान

घाटकोपर
बुधवार, ८ जानेवारी २०२५

गंधाली,

फोनवर तू मला ब्लॉक केलं आहेस, म्हणून कागदावर लिहितो आहे. पत्ता आईच्या डायरीतून घेतला. आधी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "दोघांची वयं मिळून शंभराच्या वर गेली, आणि मी मध्ये पोस्टमन होऊ का रे?" डायरी टीव्हीखालच्या खणात असते हे मला माहीत होतं, एवढंच.

एक साधी माहिती हवी आहे, कामाची. तुमच्या रक्तपेढीत पाच नंबरच्या थंड कपाटात आमच्या कंपनीच्या तापमान-रेकॉर्डरचा जो सेन्सर होता, त्याची तार आत कुठून गेली होती? मागच्या भोकातून, की दाराच्या बिजागराजवळून? तू तेव्हा एकदा काहीतरी म्हणाली होतीस, असं मला अंधूक आठवतं. काय म्हणाली होतीस ते मात्र आठवत नाही.

तू म्हणशील, तीन वर्षांनी ह्याला तार आठवली. तर झालं असं. वसईला आमचा एक आइस्क्रीमवाला गिऱ्हाईक आहे. त्याच्या गोदामात आठ डीप फ्रीजर आणि आमचा आठ चॅनेलचा, म्हणजे आठ तारांचा, रेकॉर्डर. दिवाळीनंतर त्याने सहा नंबरचा फ्रीजर विकला. सेन्सर काढून ठेवला, तार कापून टाकली. पण रेकॉर्डर सहा नंबरचं तापमान छापतोच आहे. उणे अठरा पूर्णांक चार, उणे अठरा पूर्णांक तीन. त्याने मला फोन केला. "साहेब, मी विकलेला फ्रिज मीरा रोडला पोचला, त्याचं तापमान तुमची मशीन वसईत बसून सांगते. लय भारी मशीन आहे, पण मला ह्याचा उपयोग काय?"

मशीन मरोळला कारखान्यात मागवून घेतली आहे. टेबलावर पडली आहे. मला अजून काही नीट कळलेलं नाही. तुझ्या कपाटाशी ह्याचा काही संबंध असेलच असं नाही, बहुधा नसेलच. तरी तारेचं तेवढं कळव.

आईचं बीपी ठीक आहे. तू दर गुरुवारी दुपारी येऊन जातेस, हे मला तिच्या गोळ्यांच्या डब्यावरून कळतं. शुक्रवारी सकाळी डबा नीट भरलेला असतो. तुझी क्षमावहिनी म्हणते, मी डबा भरायला घेतला की बुधवार आणि रविवार नेहमी अदलाबदल होतात.

दादा


घाटकोपर
रविवार, १९ जानेवारी

गंधाली,

उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं, तरी संध्याकाळी खाली उतरून टपालपेटी बघतो. वॉचमनला वाटतं मी कोर्टाच्या नोटिशीची वाट बघतोय.

मागच्या पत्रात वसईची गोष्ट मी गमतीने लिहिली. ती गंमत नव्हती, आणि मला त्यातलं काही कळलेलं नाही हेही पूर्ण खरं नव्हतं. थोडं तेव्हाच कळलं होतं. आता तुला समजावून सांगतो. तू लॅबमध्ये आयुष्य काढलं आहेस, तुला माझ्यापेक्षा लवकर कळेल.

आमच्या रेकॉर्डरला आठ तारा येतात, पण मोजणारं सर्किट एकच असतं. दोन्हींच्या मध्ये नखाएवढी एक चिप. तिला अ‍ॅनालॉग स्विच म्हणतात. एका वेळी एकाच तारेला ती आत सोडते, बाकी सात बंद. एक मोजून झाली की दुसरी, मग तिसरी, अशा मिनिटात आठही. तुमच्या भाषेत सांगायचं तर एकच पिपेट आठ नळ्यांमध्ये बुडवायची. आधीच्या नळीतला अंश पुढच्या नळीत येऊ नये एवढं बघायचं.

आता समज, सहावी नळी रिकामीच आहे. पिपेटमध्ये काय येणार? पाचवीतलं जे टोकाला उरलं असेल तेच. तार तुटली किंवा कापली की तिकडून काही येत नाही. चिपच्या पुढे मागच्या वाचनाचा जो बारीकसा विद्युतभार उरलेला असतो, तोच सर्किट मोजतं आणि सहा नंबर म्हणून छापतं. वसईवाल्याचा सहा नंबर म्हणजे त्याचा पाच नंबर होता. शेजाऱ्याचं उत्तर कॉपी करणारा पोरगा असतो ना, तसं.

हे आमच्या शर्मिष्ठाने शोधलं. टेस्टिंगला आहे, सव्वीस वर्षांची, तोंडाने फटकळ. तिने मशीनची तिसरी तार ओढून काढली आणि मला हाक मारली. "सर, या. भूत बघायचंय का?" पडद्यावर तिसरा आकडा दुसऱ्याच्या बरोबरीने चालला होता. मी म्हटलं, एवढी वर्षं कोणाला कसं दिसलं नाही? ती म्हणाली, "दिसणार कसं? आपल्या टेस्टच्या टेबलावर आठ सेन्सर कायमचे जोडलेले असतात. मशीन आली की आठही खोचायचे, आकडे बघायचे, ओके लिहायचं. मोकळी तार आपण बघतच नाही ना."

जुन्या मशीनमध्ये असं होत नसे. जुनी चिप गळकी होती. उरलेला भार क्षणात झिरपून जायचा, आकडा वेडावाकडा व्हायचा आणि कोणाच्याही लक्षात यायचं. २०२० मध्ये मी नवी चिप निवडली. अतिशय अचूक, गळती जवळजवळ शून्य. मला तिचा अभिमान होता. मालकांशी, म्हणजे सावंतसाहेबांशी, तिच्यासाठी भांडलो होतो. आता असं निघतं आहे की चिप जितकी चांगली, तितकं खोटं वाचन जास्त नीट टिकतं. हे मी तीन-चार वेळा कागदावर मांडून पाहिलं. दर वेळी बरोबरच येतं, आणि दर वेळी कुठेतरी चुकलो असेन असं वाटतं.

तुमच्याकडची मशीन ह्याच चिपची होती. हे मागच्या पत्रात लिहायचं राहिलं. राहिलं म्हणजे लिहिलं नाही.

त्या सकाळी तू पाच नंबरचं दार उघडलंस आणि ग्लिसरीनच्या बाटलीतला थर्मामीटर अकरा अंश दाखवत होता, असं तू सांगितलंस. रेकॉर्डर चार अंश सांगत होता. तुमचे साहेब दहाला आले तोवर कपाट परत थंड झालेलं. रक्ताच्या तेहतीस पिशव्या तू तुमच्या नियमाप्रमाणे बाद केल्या होत्यास. मंगळवार होता, रक्त चढवायला आलेल्या सात मुलांना दोन दिवस थांबावं लागलं, त्यांच्या आईबापांनी ऑफिस डोक्यावर घेतलं. मग सगळ्यांनी रेकॉर्डरकडे बघितलं, आणि तू पिशव्या उगाच बाद करून नंतर आकडा रचलास असं ठरलं, तुला राजीनामा द्यावा लागला.

तुझ्या बाबतीत हेच झालं असं मी म्हणत नाही. झालं नसेल असंही म्हणता येत नाही. ते कपाट पुढे बदललं, तारही नवी टाकली. तपासायला काही शिल्लक नाही. म्हणून तारेचं विचारत होतो.

दादा


मरोळ
रविवार, २ फेब्रुवारी

गंधाली,

आज सुट्टी असून कारखान्यात येऊन बसलो आहे. क्षमाला सांगितलं, स्टॉक मोजायचा आहे. तिने नुसतं "बरं" म्हटलं. तिचं बरं तुला माहीत आहे.

शिल्लक काही नाही असं मी लिहिलं होतं. आहे. चौकशीच्या वेळी तुमची मशीन इथे आली होती, तेव्हा तिची सगळी मेमरी मी कॉम्प्युटरवर उतरवून घेतली होती. फोल्डर तसाच होता. तेव्हा मी फक्त त्या एका रात्रीचे आकडे काढून दिले होते. आता अख्खं वर्ष उघडलं.

आठ कपाटांच्या आठ रेषा. दार उघडलं की रेषा अर्धा अंश वर चढते, लावलं की हळूहळू खाली येते. कोणतं कपाट किती वेळा उघडलं ते मोजता येतं. चार नंबर तुमचं रोजच्या वापराचं होतं ना? दिवसाला तीस-चाळीस वेळा उघडलेलं दिसतं. पाच नंबरमध्ये थॅलेसेमियाच्या मुलांच्या पिशव्या असायच्या, मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळीच दार उघडायचं. जुलैपर्यंत रेषा तशीच आहे. आठवड्यातून दोनदा उंचवटे, बाकी सपाट.

२२ जुलै २०२१, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. तिथून पुढे पाच नंबर दिवसाला तीस-चाळीस वेळा उघडतं. चार नंबर ज्या मिनिटाला उघडतं त्याच मिनिटाला. एक नाही, दोन नाही, जवळजवळ चार महिने, एकही वेळ न चुकता. त्या दिवसानंतर पाच नंबरला स्वतःची रेषाच नाही.

म्हणजे १६ नोव्हेंबरच्या सकाळी तुझ्या कपाटात काय होतं हे आमच्या मशीनला माहीत नव्हतं. जुलैपासूनच माहीत नव्हतं. तू अकरा म्हणालीस. दुसरा आकडा कोणाकडेच नव्हता.

हे वाचून तुला काय वाटेल, मला कळत नाही. मला काय वाटलं तेही धड कळलं नाही. मी उठून पाणी प्यायलो आणि पुन्हा सगळं मोजलं.

शुक्रवारी सावंतसाहेबांना दाखवलं होतं. बहात्तर वर्षांचे आहेत, घाबरले की मालवणीत जातात. चष्मा काढून ग्राफ डोळ्यांजवळ धरला. मग म्हणाले, "कोणाक सांगूक नको." मी म्हटलं, साहेब, अशा एकशे बारा मशीन बाहेर आहेत, त्यातल्या चाळीस दवाखान्यांत. ते म्हणाले, "म्हणून तर. मोफत सर्व्हिस कॅम्प लावूया. एकेक मशीन मागवायची, दुरुस्त करायची, स्टिकर लावायचा, पाठवायची. महिनाभरात सगळ्या नीट. कोणाचा जीव धोक्यात नाही, कोणाची बोंब नाही. तुका अजून काय होया?"

विचार केला तर त्यांचं चूक नाही. महत्त्वाचं काय, मशीन नीट होणं. तुमच्या रक्तपेढीचं नाव मी यादीत सगळ्यात वर घातलं आहे. येत्या आठवड्यात मशीन इथे येईल आणि बरी होऊन जाईल. हे तुला कळावं म्हणून घाईने लिहिलं. तुझंच खरं होतं, हे आता मला माहीत आहे.

आईला मी तुला पत्रं लिहितो ते कळलं आहे. काल जेवताना म्हणाली, "काय लिहितोस रे एवढं? सॉरी चार अक्षरांत बसतं." मी म्हटलं, दोन. ती म्हणाली, "मग तर झालंच."

दादा


घाटकोपर
रविवार, १६ फेब्रुवारी

गंधाली,

तुझा लिफाफा मंगळवारी मिळाला. मी जिन्यातच फोडला. आत पत्र असेल असं वाटलं होतं. एकच झेरॉक्स होती, आमच्या कंपनीच्या लेटरहेडची, ७ डिसेंबर २०२१. खाली माझी सही. एका ओळीखाली लाल रेघ.

"सेन्सरची तार तुटल्यास यंत्र ते तात्काळ दर्शवते, त्यामुळे सदर नोंदी विश्वसनीय आहेत."

रेघ तू आता मारलीस की तेव्हाच मारलेली होती? झेरॉक्सवरून कळत नाही. शाई खरी आहे, म्हणजे आताची असावी. पण कागद जुना आहे. मी दिवसभर ह्याच विचारात होतो, म्हणजे बघ.

आता राहिलेलं सांगतो. तारेबद्दल तू काय म्हणाली होतीस ते मला आठवतं. पहिल्या पत्राच्या वेळीही आठवत होतं. चौकशी लागल्यावर तू इथे घरी आली होतीस, क्षमा पोहे करत होती. तू म्हणालीस, "दादा, पाच नंबरची वायर बिजागरात चेपलीये. एकदा येऊन बघ ना." मी म्हटलं, वायर तुटली असती तर मशीन बोंबलली असती. तू म्हणालीस, "पण बघ तरी." रक्तपेढी आपल्या घरापासून चालत पंधरा मिनिटं. मी गेलो नाही.

आणि मला वाटत होतं मी काहीतरी थोर करतो आहे. मीच रक्तपेढीत सांगितलं होतं की तू माझी सख्खी बहीण आहेस. नसतं सांगितलं तर कळलंही नसतं, तुझं आडनाव वेगळं. पण मी सांगितलं, आणि मग ते पत्र दिलं. तुमचे तेव्हाचे साहेब म्हणाले होते, "भाऊ असून तुम्ही यंत्राच्या बाजूने लिहिता, म्हणजे यंत्र बरोबरच असणार." बहिणीची बाजू घेतली नाही म्हणून माझ्या सहीचं वजन वाढलं. घरी येऊन मी क्षमाला हे कौतुकाने सांगितलं होतं.

अजून एक आहे. जुन्या डिझाइनमध्ये प्रत्येक तारेला एक छोटा रेझिस्टर होता. काम एवढंच की तार तुटली तर वाचन खेचून तळाला न्यायचं, म्हणजे अलार्म वाजतो. माझं ते वाक्य त्या डिझाइनसाठी खरं होतं. नव्या चिपबरोबर मी तो काढून टाकला. त्याच्यामुळे वाचनात दोन दशांशाची चूक यायची आणि मला एका दशांशाची अचूकता छापायची होती. शर्मिष्ठाने बुधवारी सकाळी ड्रॉइंगची फाइल माझ्यापुढे ठेवली. "सर, हा रेझिस्टर कोणी उडवला? इथे लिहिलंय बघा. 'काढला. अचूकता सुधारली.' सही तुमचीच ना?"

माझीच. ऑगस्ट २०२०. आणि तुझ्याविरुद्धचं पत्र त्यानंतर सोळा महिन्यांनी.

सही करताना मला हे आठवत होतं का? मी खरंच सांगतो, मला माहीत नाही. पाच दिवस मी तो दिवस आठवतो आहे. टेबल दिसतं, पेन दिसतं, सावंतसाहेबांचा टेबलफॅन दिसतो. डोक्यात काय होतं ते दिसत नाही. विसरलो होतो म्हणावं तर एवढी मोठी गोष्ट विसरणारा माणूस मी नाही. आठवत होतं म्हणावं तर मग मी कोण?

बुधवारी संध्याकाळी सावंतसाहेबांना सांगितलं की मी रक्तपेढीला लेखी कळवणार आहे. ते म्हणाले, "तुझ्या बहिणीसाठी माझा कारखाना?" मी म्हटलं, बाकीच्या एकशे अकरा ठिकाणीही एखादी गंधाली असेल. ते म्हणाले, "देवदत्त, तू आता म्हातारा झालास." मग चहा मागवला. दोघांनी प्यायला.

पत्र पाठवलं आहे. लेटरहेडवर नाही, साध्या कागदावर, माझ्या नावाने. सोबत ग्राफ. त्यात लिहिलं आहे की २०२१ मधलं माझं प्रमाणपत्र चुकीचं होतं, श्रीमती गंधाली यांची नोंद हीच त्या दिवशीची एकमेव खरी नोंद होती आणि तेहतीस पिशव्या बाद करणं योग्य होतं. रेझिस्टर काढल्याचंही लिहिलं. पुढे लिहिलं, "ही बाब प्रमाणपत्र देताना माझ्या लक्षात आली नव्हती." काहीतरी लिहावं लागणारच होतं.

त्यांच्या नव्या प्रमुख, डॉक्टर दीप्ती, यांचा काल फोन आला होता. समिती बसवणार आहेत. तुलाही बोलावतील. तू जा. माझं तोंड बघायचं नसेल तर तसं त्यांना सांग, मी वेगळ्या वेळी जाईन.

दादा


घाटकोपर
सोमवार, १७ मार्च

गंधाली,

मंगळवारी तू तिथे होतीस, म्हणून समितीत काय झालं ते तुला सांगायची गरज नाही. तरी माझ्या खुर्चीवरून कसं दिसलं तेवढं सांगतो.

तू आलीस तेव्हा मी आधी ओळखलंच नाही. केस कापले आहेस, आणि खांद्याला ती घरोघर जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायची पिशवी. दीप्तीबाईंनी तुला बसायला सांगितलं, तू म्हणालीस, "मला साडेबाराला बोरिवलीत एक पेशंट आहे, उपाशी बसलाय तो." खोलीत कोणी हसलं नाही, मला मात्र हसू आलं. मग त्यांनी पत्राचा मसुदा वाचून दाखवला. तुझ्यावरचा ठपका मागे घेतला, राजीनाम्याची नोंद बदलणार, लेखी देणार. तू सगळं शांत ऐकलंस आणि म्हणालीस, "एकतीस लिहिलंय. तेहतीस पिशव्या होत्या. रजिस्टर बघा." त्यांनी रजिस्टर मागवलं. तेहतीसच होत्या. तेवढं दुरुस्त होईपर्यंत तू कागद हातात घेतला नाहीस.

मला त्यांनी एकच विचारलं, प्रमाणपत्र देताना रेझिस्टर काढल्याचं माहीत होतं का. मी म्हटलं, लक्षात नव्हतं. त्यांनी लिहून घेतलं. तू माझ्याकडे बघितलं नाहीस.

मग फाटकाबाहेर. मला वाटलं तू तशीच जाशील. तू समितीने दिलेल्या फाइलची झेरॉक्स उघडलीस आणि पुढे केलीस.

"हे वाच."

"काय आहे?"

"मशीन तुमच्याकडे तपासायला आली होती ना, त्याचा तुझा रिपोर्ट. मला तेव्हा दिलाच नव्हता. आज फाइलमध्ये मिळाला. शेवटची ओळ वाच. मोठ्याने."

मी वाचली. "आठही सेन्सर जोडून तपासणी केली. एकही चॅनेल मोकळे ठेवले नाही."

तू विचारलंस, "तुमच्याकडे असं लिहितात?"

मी म्हटलं, माहीत नाही, लिहीत असतील.

"बघून सांग," म्हणालीस, आणि समोरची रिक्षा थांबवलीस. बसताना म्हणालीस, "आईच्या रविवारच्या गोळ्या बुधवारी घालू नकोस."

बघितलं. तीन दिवस लागले. २०१९ पासूनचे तपासणीचे सगळे रिपोर्ट काढले, चारशे सहा निघाले. काही मी लिहिलेले, काही शर्मिष्ठाने, काही तिच्या आधीच्यांनी. शर्मिष्ठा मदतीला बसली. तिने कशासाठी ते विचारलं नाही, अर्ध्यात आल्यावर तिला कळलं असावं, कारण तिची बडबड थांबली. चारशे पाच रिपोर्टांवर फक्त "ओके" आहे, किंवा आकडे आणि "ओके". आमच्याकडे आठही सेन्सर कायम जोडलेलेच असतात. रोज जे होतंच ते कोण लिहून ठेवतं?

एकाच रिपोर्टवर ते वाक्य आहे. तुझ्या.

मोकळ्या चॅनेलचं काय होतं हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या हातून हे वाक्य लिहिलं जाणार नाही. कधी कोणी विचारलं तर दाखवता यावं म्हणून ते लिहिलेलं आहे. मी मशीन अशी तपासली की ती पासच होईल, आणि तसं लिहूनही ठेवलं. आठवायला अजूनही काही आठवत नाही, खरंच. पण आता त्या न आठवण्याला काही किंमत राहिलेली नाही. अक्षर माझं आहे.

का केलं, हे तू विचारलं नाहीस. तुझं वाईट व्हावं असं मला कधीच वाटलं नाही. ती मशीन मी बनवलेली सगळ्यात चांगली गोष्ट होती, आणि तू नुसती खरं बोलत होतीस. माझ्याकडे ह्याहून मोठं कारण नाही. मोठं असतं तर बरं झालं असतं.

सावंतसाहेबांनी एकशे बारा ठिकाणी पत्रं पाठवली, "सर्व्हिस कॅम्प" न म्हणता, दोष काय आहे ते लिहून. मसुदा शर्मिष्ठाने केला. मला त्यांनी सध्या घरी बसायला सांगितलं आहे. वाईट बोलले नाहीत.

आज दुपारी मी समितीला दुसरं पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवलं. चार ओळींचं आहे. "ही बाब प्रमाणपत्र देताना माझ्या लक्षात आली नव्हती" हे माझं विधान मागे घेतो, मला माहीत होतं, सोबत माझा १ डिसेंबर २०२१ चा रिपोर्ट जोडला आहे, शेवटची ओळ पाहावी. खाली सही, पूर्ण नाव. आता ह्यावर ते काय करतील ते करतील.

पोस्टातून घरी आलो आणि हे लिहायला बसलो. मुद्दामच ह्या क्रमाने केलं. आधी तुला लिहिलं असतं तर तुझ्या उत्तराची वाट बघत मी ते पत्र खणात ठेवलं असतं, आणि मी स्वतःला आता एवढा तरी ओळखतो.

देवदत्त